व्हायब्राफोनवर जॅझ आणि गॅलिशियन लोकसंगीत: रियाजाची रीत

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिसियाचं मुख्य वाद्य गाइता, म्हणजे तिथला बॅगपाइप. गाइतेचा सूर एकदा सुरू झाला की थांबत नाही, लहान-मोठाही होत नाही. व्हायब्राफोनचं, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या आणि पायाच्या पेडलच्या वाद्याचं, अगदी उलट असतं. मॅलेट, म्हणजे डोकं असलेली वाजवायची काठी, पट्टीवर पडली की त्या क्षणापासून आवाज उतरू लागतो, आणि पेडल दाबलेलं असेल तर सगळ्या पट्ट्यांची आस एकमेकींत मिसळते. म्हणून या वाद्यावर गॅलिशियन सुरावट नुसती स्वर बरोबर वाजवून उभी राहत नाही. जॅझमध्ये चार मॅलेट्सनी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, बदलताना येणारी अडचणही मुळात हीच आहे. दोन्हीकडे खरं काम स्वर बंद करण्याचं आहे: कोणती पट्टी, कधी आणि कशानं गप्प करायची. या लेखातला रियाज त्या एका कौशल्याभोवती बांधला आहे.

स्वरांची नावं इथे इंग्रजी पद्धतीची आहेत. सी४ म्हणजे पियानोवरचा मधला सी.

आधी वाद्य तपासा

नेहमीच्या व्हायब्राफोनला तीन सप्तकं असतात, एफ३ ते एफ६, एकूण ३७ पट्ट्या. खालची हद्द एफ३ आहे हे पक्कं लक्षात ठेवा. पुढे कॉर्ड निवडताना आणि गाइतेचा आधारस्वर ठरवताना ती आडवी येते.

पेडल पूर्ण सोडून सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवा. प्रत्येक पट्टी ताबडतोब बंद व्हायला हवी. मधल्या काही पट्ट्या बंद होतात आणि टोकाच्या गुणगुणत राहतात, असं झालं तर डॅम्परचा, म्हणजे पट्ट्यांना टेकून त्या गप्प करणाऱ्या दांडीचा, फेल्ट एका बाजूला दबलेला आहे किंवा डॅम्परची दांडी तिरकी आहे. ती सरळ केल्याशिवाय पुढचा रियाज व्यर्थ, कारण चूक पायाची की वाद्याची हेच कळणार नाही. मग पेडल हळूहळू दाबत जा आणि आस सुटते ती नेमकी जागा पायाला ओळखू द्या. त्या जागेच्या आसपास अर्धं पेडल मिळतं: स्वर थोडा रेंगाळतो आणि विरतो. पेडल फार खोल गेल्यावरच आस सुटत असेल तर दांडीची जोडणी घट्ट करून घ्या, नाहीतर वेगात पाय मागे पडतो.

खरखर येत असेल तर दोरी पहा. प्रत्येक पट्टीतून दोरी जाते ती जागा टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर असते. तिथे पट्टी जवळजवळ कंप पावत नाही, म्हणून ती तिथेच टांगतात. दोरी सैल पडली की पट्टी आधाराच्या खुंटीला लागते आणि खरखरते. त्याच जागेवर मॅलेट पडली तर आवाज ठार मरतो. वाजवायचं पट्टीच्या मधोमध किंवा मधापासून जरा बाजूला. काळ्या (म्हणजे पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या जागेवरच्या) पट्ट्यांवर वेगात असाल तर अगदी टोकाला वाजवलं तरी चालतं.

पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडावरच्या चकत्या फिरवून स्वर थरथरवणारी मोटर बंद ठेवा. मात्र ती बंद केल्यावर त्या चकत्या हातानं फिरवून उभ्या करा. चकत्या आडव्या राहिल्या तर नळी झाकली जाते आणि स्वर बारीक, पोकळ येतो. मोटरची गती हा जॅझमध्येही ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. जॅझ व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सन ती संथ ठेवत, त्यामुळे त्यांचे लांब स्वर गायल्यासारखे वाटतात. दुसरे व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन यांनी पुढे मोटर बाजूला ठेवून चार मॅलेट्सचं स्वच्छ वादन पुढे आणलं. मुइन्येइरासारख्या वेगवान गॅलिशियन नाचाच्या चालीत मोटरचं थरथरणं तालाशी भांडतं. तिथे ती बंदच हवी.

मॅलेट्स दोऱ्याच्या वेष्टनाच्या, मध्यम कडक, वेताच्या दांडीच्या घ्या. फार मऊ मॅलेट्सनी गाइतेच्या चालीतले छोटे कण (मुख्य स्वराला चिकटून येणारे निमिषभराचे स्वर) ऐकूच येत नाहीत. पकड बर्टन यांची ठेवा: दोन दांड्या तळहातात एकमेकींवरून जातात. मॅलेट्सना डावीकडून १, २, ३, ४ असे क्रमांक. एकेरी सुरावट २ आणि ४ नी वाजवायची, १ आणि ३ कॉर्डसाठी राहतात.

पट्टी मॅलेटनं दाबणं

पेडल पूर्ण दाबून ठेवा आणि पाय हलवू नका. मेट्रोनोम ६० वर. डाव्या मॅलेटनं सी५ वाजवा. पुढच्या ठोक्याला उजवीनं डी५ वाजवताना, त्याच क्षणी, डावी मॅलेट सी५ वर टेकवा. मग डावीनं ई५ आणि उजवी डी५ वर. असं जी५ पर्यंत चढा आणि परत या. प्रत्येक वेळी एकच स्वर ऐकू यायला हवा. ही कसरत रोज १० मिनिटं करा, आणि ठोके ९० पर्यंत गेल्याशिवाय पुढचे प्रकार हातात घेऊ नका.

इथे दोन चुका नेमानं होतात. पहिली: दाबणारी मॅलेट उंचावरून येते, म्हणून पट्टी बंद होण्याऐवजी पुन्हा वाजते. स्वर वाजवून झाल्यावर ती मॅलेट वर न्यायचीच नाही. एक-दोन सेंटिमीटरवर थांबवायची आणि तिथूनच टेकवायची. दुसरी: टेकवणं घाबरत घाबरत होतं, मग कंप पावणाऱ्या पट्टीवर मॅलेट तडतडते. टेकवा तर थोडा भार देऊन टेकवा.

पुढची पायरी एकाच मॅलेटची. ई५ वाजवून त्याच मॅलेटनं डी५ वाजवा आणि मॅलेट न उचलता तिचं डोकं ई५ कडे कलतं करा. दोन्ही पट्ट्या शेजारी असल्यामुळे हे जमतं. पांढऱ्यावरून काळ्या पट्टीवर जाताना मात्र जमत नाही, तिथे दुसऱ्या हाताचीच मदत लागते.

तिसरा प्रकार मुका ठोका. मॅलेट पट्टीवर मारून तिथेच रोवून ठेवायची. आवाज येतो तो नुसता 'टक' असा, पण त्याला स्वर असतो. गाइतेचे कण या ठोक्यातून निघतात.

जॅझचा भाग

दोन-पाच-एक (स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड्स) ही कॉर्डची चाल सी स्केलमध्ये सुरू करू नका. एफ३ च्या खाली पट्टीच नाही, म्हणून डी मायनर आणि जी सेव्हन खाली नीट बसतात, आणि सी ला येताच हवा असलेला ई३ मिळत नाही. एफ स्केल घ्या. मुळस्वर बास वाजवणाऱ्यासाठी सोडून द्यायचा:

जी मायनर: बी फ्लॅट३, एफ४, ए४, डी५
सी सेव्हन: बी फ्लॅट३, ई४, ए४, डी५
एफ मेजर: ए३, ई४, जी४, सी५

पहिल्या कॉर्डवरून दुसरीवर जाताना फक्त एफ४ चा ई४ होतो. बाकी तीन स्वर तेच आहेत. म्हणून पेडल उचलूच नका: ३ क्रमांकाची मॅलेट ई४ वाजवेल आणि २ क्रमांकाची एफ४ वर टेकेल. तीन स्वर तसेच तरंगत राहतात आणि एकच आत सरकतो. पियानोवरही हे इतकं उघड ऐकू येत नाही. दुसरीवरून तिसरीवर जाताना मात्र ई४ सोडून सगळं बदलतं, तिथे पाय वापरा. मॅलेट्स पट्टीला लागण्याच्या क्षणी पेडल वर आणि लगेच खाली. पाय आधी उचलला तर मध्ये भोक पडतं, उशिरा उचलला तर दोन कॉर्ड्सचा चिखल होतो. हा बदल एकट्याचा ५० च्या ठोक्यावर २० वेळा करा, मग सगळ्या बाराही स्केल्समधून फिरवा. जिथे खालची हद्द आडवी येते तिथे सगळ्यात खालचा स्वर एक सप्तक वर घ्या.

एकेरी सुरावटीत स्विंगचे, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचे, लांब-आखूड स्वर वाजवताना पेडल जवळजवळ बंद ठेवा आणि फक्त वजनाच्या स्वरांना पायाचा हलका स्पर्श द्या. वजन ठोक्यांमधल्या आखूड स्वरांवर यायला हवं. नवशिक्यांचा पाय प्रत्येक ठोक्याला खाली जातो, मग वजनही तिथेच पडतं आणि स्विंगचा पवाडा होतो. पाय बाजूला काढून आठ बार कोरडे वाजवून पहा. कोरडं वाजवताना स्विंग ऐकू येत नसेल तर तो पेडलनं येणार नाही.

गाइता काय करते ते समजून घ्या

गाइतेच्या नळीला, म्हणजे पुन्तेइरोला, सुमारे एक सप्तक आणि थोडं वर इतकीच व्याप्ती आहे. खाली षड्जाच्या आधीचा स्वरही मिळतो. खांद्यावरून जाणारी लांब नळी म्हणजे रॉन्को. ती षड्जाच्या दोन सप्तकं खालचा सूर अखंड धरते. गाइता तीन मापांत जास्त दिसते: डी मधली ग्रिलेइरा, सी मधली रेदोन्दा आणि बी फ्लॅटमधली तुम्बाल. रेदोन्दाची चाल व्हायब्राफोनवर सी५ ते सी६ मध्ये खऱ्या उंचीवर बसते. रॉन्कोचा सी३ मात्र मिळत नाही, म्हणून आधारस्वर सी४ घ्यायचा. तुम्बालसाठी बी फ्लॅट३, ग्रिलेइरासाठी डी४.

रियाजाला तानपुऱ्याचं ॲप लावणार असाल तर दोन गोष्टी बघा. रॉन्को फक्त षड्ज धरतो, पंचम नाही. त्यामुळे पंचमाची तार बंद करता येत असेल तर करा, नाहीतर साधा एकस्वरी सूर लावा. आणि बरेच व्हायब्राफोन ए = ४४२ ला जुळवलेले येतात. ॲप ४४० वर असेल तर ते सुमारे ८ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर चढवा. इतका फरक लांब स्वरात लाटांसारखा ऐकू येतो.

आता मुख्य अडचण. गाइतेचा सूर तुटत नाही, मग तोच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर दोन्हींच्या मध्ये दुसऱ्या स्वराचा अगदी छोटा कण घालावा लागतो. म्हणजे तिथे कणस्वर शोभेचा नसतो. स्वर वेगळे करण्याचं कामच तो करतो. व्हायब्राफोनवर एक पट्टी दोनदा मारणं सोपं आहे, म्हणून वादक कण गाळतात, आणि मग चाल बरोबर असूनही गॅलिशियन वाटत नाही. कण मुक्या ठोक्यानं घ्या, मॅलेटची उंची दोन-तीन सेंटिमीटर, मुख्य स्वराची दहाच्या आसपास. कण ठोक्याच्या आधी न येता ठोक्यावर यावा आणि मुख्य स्वर त्याला चिकटून. दोन्हींत इतकं अंतर पडलं की कण मोजता आला, तर तो फार लांब झाला.

मुइन्येइरा ६/८ मध्ये असते: दोन ठोके, प्रत्येकात तीन मात्रा. दादऱ्याची सवय असलेल्यांनी इथे सांभाळायचं. दादऱ्यात चौथी मात्रा खालीची, हलकी. मुइन्येइरात चौथ्या मात्रेवरही पाय पूर्ण वजनानं जमिनीवर पडतो. सहा मात्रा मोजत बसू नका, दोन ठोके चाला.

सरावासाठी चार बारांची ही ओळ घ्या. गाइतेच्या आवाक्यात बसेल अशीच ती बांधली आहे:

पहिला बार: जी (२ मात्रा) ई, जी (२ मात्रा) ई
दुसरा: एफ ई डी, सी डी ई
तिसरा: एफ (२ मात्रा) डी, एफ (२ मात्रा) डी
चौथा: ई डी बी, सी (३ मात्रा)

सगळे स्वर सी५ च्या सप्तकातले, फक्त बी हा बी४. आधी ओळ गाऊन पाठ करा. मग पेडल सोडून, कोरडी, ठोका ६० वर. मग कण: पहिल्या बारात जिथे जी दोन मात्रांचा आहे तिथे एकेका मात्रेचे दोन जी करा आणि दुसऱ्या जी ला वरच्या ए चा कण डाव्या हातानं द्या. एका ओळीत दोनच कण आधी पक्के करा.

आता आधारस्वर. १ क्रमांकाच्या मॅलेटनं सी४ वाजवा, पेडल दाबा आणि ओळ संपेपर्यंत सोडू नका. सुरावट २ आणि ४ नी. प्रत्येक स्वर दाबायला गेलात तर ८० च्या पुढे हात अडखळतील, आणि त्याची गरजही नाही. सी, ई आणि जी आधारस्वरात विरघळतात, त्यांची आस राहू द्या. डी, एफ आणि बी मात्र दाबायलाच हवेत. सगळ्यात जास्त बी, कारण तो सी शी घासतो. चौथ्या बारात ई आणि डी दोन्ही ४ नी घ्या. मग २ नी बी वाजवताना ४ डी वर टेकते, आणि ४ नी सी वाजवताना २ बी वर. ही शेवटची अदलाबदल नीट झाली की शेवटचा सी स्वच्छ उभा राहतो.

सी४ विरत जातो, तो पुन्हा भरावा लागतो. जोराच्या ठोक्यावर भरलात तर तो बासचा ठोका वाटतो, रॉन्को नाही. पहिल्या आणि तिसऱ्या बारात दुसऱ्या मात्रेवर भरा. तिथे उजव्या हाताचा स्वर लांबलेला असतो आणि डावा हात मोकळा. अगदी हलकेच. तिसऱ्या बारात डावा हात खाली जाण्याआधी आधीच्या ई वर टेकून यायला विसरू नका. ठोका ६० पासून दर दोन-तीन दिवसांनी चारनं वाढवा. १०० च्या पुढे ओळ सहज गेली की नाचाच्या वेगाच्या जवळ आलात.

ऐकायचं काय? लोकसंगीताचे अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी १९५२ मध्ये गॅलिसियात केलेली ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांत गाइता आहे आणि पान्देइरेता वाजवत गाणाऱ्या बायकाही. पान्देइरेता म्हणजे झांजा लावलेली हातातली डफली. तिचा हात ऐका, मुइन्येइराचं वजन तिथे उघडं असतं. आजच्या जॅझकडून बघायचं तर गॅलिसियातल्याच ओरेन्सेच्या क्रिस्तिना पातो गाइता आणि पियानो दोन्ही वाजवतात, आणि सान्तियागोचे पियानोवादक आबे राबादे यांच्या हातात कॉर्ड कशा मोकळ्या पसरतात ते व्हायब्राफोनवाल्यानं जरूर ऐकावं.

दोन्ही एकत्र

मुइन्येइराचा 'दोन मात्रा, एक मात्रा' हा आकार आणि स्विंगचा लांब-आखूड जोड एकाच तीन भागांच्या जाळीवर बसतात. ६/८ चे दोन बार म्हणजे स्विंगचा चार ठोक्यांचा एक बार. फरक वजनाचा आहे. मेट्रोनोम ९६ वर ठेवा आणि वरची ओळ मुइन्येइरा म्हणून वाजवा, प्रत्येक ठोक्यावर टिक. मग मेट्रोनोम ४८ वर आणा, त्याची टिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर धरा आणि तीच ओळ स्विंगमध्ये वाजवा, वजन आखूड ई आणि डी वर. चार वेळा एक, चार वेळा दुसरं. स्वर तेच, लय तीच, आणि तरी नाच बदलतो. हा फरक हातात येईपर्यंत उपजेकडे, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्याकडे, वळू नये असं आमचं ठाम मत आहे, कारण नाहीतर जे निघतं ते ना धड मुइन्येइरा, ना जॅझ.

मग कॉर्ड. लय निम्म्यावर आणा. सुरावट उजव्या हातात, डाव्यात दोनच स्वर: पहिल्या बारात जी३ आणि सी४, दुसऱ्यात ए३ आणि ई४, तिसऱ्यात एफ३ आणि सी४, चौथ्याच्या पहिल्या ठोक्यावर एफ३ आणि बी३, दुसऱ्यावर जी३ आणि ई४. म्हणजे ए मायनर, एफ मेजर, डी मायनर, जी सेव्हन आणि घरी सी. तिसऱ्यावरून चौथ्याकडे पुन्हा एकच स्वर सरकतो, तिथे मॅलेटनं दाबा. इथे आधारस्वर नाही हे ध्यानात घ्या. दोन्ही एकाच वेळी घालू नका. एक आवर्तन आधारस्वरावर, पुढचं कॉर्ड्सवर, परत आधारस्वर, असा आलटून पालटून क्रम ठेवला की जेव्हा कॉर्ड येतात तेव्हा दार उघडल्यासारखं वाटतं. आधारस्वरावरच रंग हवा असेल तर सी४ च्या वर बी फ्लॅट मेजर चांगली लागते, मात्र चौथ्या बारात नाही, तिथे सुरावटीत शुद्ध बी आहे.

उपज करताना आधी ताल कायम ठेवून स्वर बदला. मग स्वर कायम ठेवून ताल. दोन्ही वेळा ओळीचा शेवट, ई डी बी सी, तसाच ठेवा. त्या चार स्वरांमुळे ऐकणाऱ्याला जागा कळते. हे बसलं की तिसरा बार अर्धा स्वर वर सरकवून वाजवा आणि चौथ्यात परत या. एकच बार. जास्त वेळ बाहेर राहिलात तर आधारस्वराशी नातं तुटतं.

अलाला आणि मधले स्वर

अलाला ही संथ, ठोक्याविना गायली जाणारी चाल. इथे मोटर सुरू करा, सगळ्यात हळू. लांब स्वर लवकर विरतो म्हणून तो हलक्या कणानं पुन्हा जागवा. सतत थरथरता ठोका धरला तर गायकी जाते.

जुन्या गायनात आणि जुन्या पुन्तेइरोवर काही स्वर, विशेषतः तिसरा, शुद्ध आणि कोमलच्या मधे पडतात. पट्टीवर तो स्वर नाही, पण मींड निघते. मऊ मॅलेटनं ई५ मधोमध वाजवा. दुसऱ्या हातात कडक रबराची किंवा प्लास्टिकची मॅलेट घ्या, तिचं डोकं दोरीच्या जागी पट्टीवर दाबा आणि मधाकडे हळू सरकवा. स्वर खाली उतरतो. वर कधीच चढत नाही, म्हणून सुरुवात नेहमी शुद्ध स्वरावरून. दाब कमी पडला तर पट्टी तडतडते, मधाच्या फार जवळ गेलात तर स्वर मरतो. एका चालीत एक-दोन ठिकाणी पुरे.

गाइतेसोबत वाजवताना

गाइतेची पायेता, म्हणजे पुन्तेइरोतली दुहेरी पत्ती, हवा-दमटपणानुसार हलते. व्हायब्राफोन जुळवता येत नाही. म्हणून गाइता दहा-पंधरा मिनिटं वाजून गरम झाल्यावर गाइतेवाल्याला तुमच्या सी५ शी पुन्तेइरो जुळवायला सांगा, आणि रॉन्को त्यानंतर. आवाजात गाइता तुमच्या कितीतरी पुढे असते. त्याच सप्तकात तीच चाल वाजवलीत तर फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येईल. सुरावट एक सप्तक खाली घ्या, किंवा सुरावट सोडून तिसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर दोन स्वरांचे कोरडे तुकडे द्या. कडक मॅलेट्स, पेडल वर. गाइता आधारस्वर स्वतः धरते, तेव्हा तुमचा सी४ तिथे नको.